फुकटचा डबा

मी : ...तर खरं सांगायचं म्हणजे, मी हे लिहिणारच नव्हतो. मेट्रनबाईंना हो म्हणालो आणि नंतर चार दिवस त्यांचा फोन उचलला नाही. आज दुपारी झेरॉक्सच्या दुकानात लाइट गेले, लॅपटॉप तेवढा चालू होता, म्हणून बसलो. धडाधड टाइप केलंय. चुका असतील.

मित्र : का लिहिणार नव्हतास?

मी : ते नंतर. आधी ऐक. उद्या साडेपाचला दवाखान्याच्या बागेत, शोकसभेत, सगळ्यांसमोर हे तुला वाचायचंय. बाप तुझा होता, माझा नाही.

मित्र : वाच.

मी : "बियाकाका या दवाखान्यात एकतीस वर्षं माळी होते. पगार हिरवळ कापायचा मिळायचा, काम मात्र ते बिया वाटायचं करायचे."

मित्र : हे बरं जमलंय.

मी : "ओपीडीच्या रांगेत बसलेल्या माणसाला विचारायचे, घरी कुंडी आहे का? नाही म्हणालं तर, फुटका डबा आहे का? तोही नाही म्हणालं तर म्हणायचे, मग तुम्ही खरंच आजारी आहात."

मित्र : मी भाड्याच्या खोलीत राहायला गेलो तेव्हा मलाही हेच म्हणाले होते.

मी : "औषधांच्या खिडकीवरून गोळ्यांची खाकी पाकिटं मागून आणायचे आणि त्यात बी भरायचे. पाकिटावर छापलेलं असायचं, सकाळी एक, रात्री एक. एका आजोबांनी खरंच टोमॅटोचं बी आठवडाभर पाण्याबरोबर घेतलं."

मित्र : आणि परत येऊन म्हणाले, गुण आला. त्या दिवसापासून बाबा पाकिटाच्या मागे लाल पेनानं लिहायला लागले, 'गिळू नये'.

मी : हे नव्हतं माहीत. थांब, घालतो... गिळू नये... झालं. पुढं. "पाकिटावर झाडाचं नाव नसायचं, माणसाचं असायचं. ज्याच्याकडून ते बी पहिल्यांदा आलं, त्याचं. शिंपीणबाईंचा घेवडा. पोस्टमनची काकडी. लंगड्या हमालाची मिरची. देताना कधी काही मागितलं नाही. पुढच्या वर्षी भेटले की एवढंच विचारायचे, बियाला ठेवलंस का?"

मित्र : हं.

मी : काय झालं?

मित्र : काही नाही. वाच ना.

मी : "शेवटचे अकरा दिवस ते याच दवाखान्यात अंथरुणाला खिळून होते. उजवं अंग गेलं होतं, बोलणं गेल्यात जमा होतं. तरीसुद्धा त्यांनी मुलाच्या हातून आपला बियांचा शेवटचा डबा वाटून..."

मित्र : हे काढ.

मी : अरे, हीच तर खरी ओळ आहे. मेट्रनबाई सांगताना रडल्या. सगळ्या दवाखान्याला माहीत आहे हे.

मित्र : सगळ्या दवाखान्याला माहीत आहे ते खोटं आहे. म्हणून काढ.

मी : म्हणजे, वाटला नाहीस तू?

मित्र : नाही.

मी : मग डबा आहे अजून. बरंच झालं की. उद्या सगळे येणारच आहेत, तिथंच वाटू. मी पाकिटांची यादी करतो, दहा मिनिटांचं काम.

मित्र : डबा आहे. तो बघ, खिडकीत. उघड.

मी : ...रिकामा आहे.

मित्र : धुतलेला आहे. साबण लावून. उन्हात वाळवलाय.

मी : आणि आतलं?

मित्र : कचऱ्याच्या गाडीत. ओल्या कचऱ्यात. सुक्यात टाकणार होतो, गाडीवाला म्हणाला बी ओल्यात जातं.

मी : तू गंमत करतोयस.

मित्र : मला गंमत जमते का कधी?

मी : पण का?

मित्र : त्यांनी सांगितलं म्हणून. झटका आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तोंड वाकडं झालं होतं, अर्धे शब्द आतच राहायचे. मी कॉटवर बसलो होतो. माझा हात धरला आणि म्हणाले, "फुकट... डबा... टाक." दोनदा म्हणाले. मी म्हटलं, हो बाबा, आजच टाकतो.

मी : टाक.

मित्र : टाक. आता तूच बघ आपण कसं बोलतो. सांगून टाक, देऊन टाक, जेवून टाक. सगळ्याच्या मागे टाक. त्यांनी 'वाटून टाक' म्हटलं होतं. 'वाटून' तोंडातून बाहेर आलंच नाही. 'टाक' तेवढं आलं.

मी : पण झाकणावर 'फुकट' लिहिलेलं होतं ना? फुकट म्हणजे फुकट द्यायचं.

मित्र : तुझ्यासाठी. तू घ्यायला यायचास. मी घरात वाढलो. आमच्याकडं फुकट म्हणजे फुकट गेलेलं. आई होती तोवर दिवसातून दहा वेळा तेच. दूध फुकट गेलं, टोमॅटो फुकट गेले, या माणसाशी लग्न करून माझा जन्म फुकट गेला. दोन डबे होते कपाटात, बिस्किटांचे. एकावर ऑइलपेंटनं 'घरचं', एकावर 'फुकट'. तू काय समजला असतास?

मी : मी निदान उघडून...

मित्र : उघडला मी. दोनशे तरी पाकिटं होती. सगळ्यांवर नावं. मला वाटलं, ज्यांना द्यायची त्यांची नावं आहेत आणि ते लोक घ्यायला आलेच नाहीत, म्हणून फुकट गेलं. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पाटीवर लिहिलंय ते वाचायचं आणि सांगितलंय तसं करायचं. नाहीतर माणसं मरतात आमच्या धंद्यात.

मी : आणि 'घरचं'?

मित्र : तो जपून ठेवला. अगदी टेप लावून. ते गेल्यावर चार दिवसांनी उघडला. सुतळीचे तुकडे, बोथट पेन्सिली, रबरबँड, रिकामी पाकिटं. एक बी नाही. एक.

मी : बाप रे.

मित्र : देण्याचं बी चांगलं हवं, घरी काहीही चालतं. बाबा नेहमी म्हणायचे. लिहिलंयस ना तू त्यात?

मी : आहे. दुसऱ्या पानावर.

मित्र : राहू दे ते. खरं आहे.

मी : मग मेट्रनबाईंना कुणी सांगितलं की तू वाटलंस?

मित्र : बाबांनीच. हातानं. डाव्या हाताची चिमूट करायचे आणि बाईंच्या तळव्यावर ठेवायचे. एक, दोन, तीन. मग दाराकडं बोट, म्हणजे माझ्याकडं. त्यांना बरोबर कळलं. मलाही तसंच करून दाखवायचे. मी विचारायचो, गोळी हवी का? आणि सिस्टरला बोलवायचो.

मी : तुला कसं कळणार होतं?

मित्र : मी रोज ड्यूटी संपवून जायचो. गेलो की पहिला प्रश्न, "टाकलं?" मी म्हणायचो, टाकलं बाबा. आणि ते हसायचे. अर्ध्या तोंडानं. मला वाटायचं, बघा, कपाट आवरल्याचं केवढं समाधान माणसाला.

मी : कचऱ्याच्या डेपोवर गेलास?

मित्र : ते गेल्याच्या पाचव्या दिवशी गेलो, कळल्या कळल्या. चौदा गाड्या येतात रोज. दाबतात, मग जाळतात. तिथला माणूस चांगला होता. म्हणाला, काय सोनं होतं का? मी म्हटलं घेवडा होता. त्यानं मला चहा दिला.

मी : एखादं दाबलं गेलं नसेल, कडेला पडलं असेल...

मित्र : कडेला राख आहे. गुडघाभर. मी चाललोय त्यातून.

मी : बरं, मग लोकांकडं असेल. एकतीस वर्षं वाटलंय. कुणाकडंतरी असणारच.

मित्र : अकरा घरं फिरलो. कारण सांगितलं नाही, म्हटलं आठवण म्हणून चार दाणे हवेत. पोस्टमन म्हणाला, दरवर्षी मिळायचं, ठेवायचं कशाला? कँटीनवाल्यानं सगळ्या मिरच्या वापरल्या. कंपाउंडर म्हणाला, तुझ्या वडिलांकडंच असेल बघ. आणि प्रत्येक घरात शेवटी एकच. "आम्हाला नाही मिळालं या वेळी, पण कुणालातरी मिळालं असेल. मेट्रनबाई सांगत होत्या." सगळे खूश आहेत रे. प्रत्येकाला वाटतंय शेजाऱ्याकडं आहे.

मी : माझ्याकडं आला नाहीस.

मित्र : तुझ्याकडं येणारच होतो. बारावं घर. तो पिवळा टोमॅटो तुझ्याकडं आहे ना? सात वर्षं नेतोयस.

मी : नाही.

मित्र : एकही?

मी : हेच मघाशी नंतर सांगतो म्हटलं ते. म्हणून मी लिहिणार नव्हतो. ते दरवर्षी विचारायचे, बियाला ठेवलंस का? आणि मी दरवर्षी म्हणायचो, हो काका, ठेवलं. एकदा तर म्हटलं, काचेच्या बरणीत, राख घालून. इतकं रंगवून सांगितलं. त्यांनी पाठ थोपटली माझी. बरणी नाही माझ्याकडं, काका, असं तोंडातून निघालंच नाही. आणि पुढच्या वर्षी परत हात पसरून हजर.

मित्र : त्यांना माहीत होतं बहुतेक.

मी : माहीत असतं तर पाठ का थोपटली असती?

मित्र : ते मला काय विचारतोस. मला त्यांचं एक क्रियापद कळलं नाही.

शिंपीणबाई : दार उघडंच आहे. येऊ का रे आत?

मित्र : या ना मावशी. बसा. ही खुर्ची डुगडुगते, त्यावर नको, इकडं.

शिंपीणबाई : बसत नाही, उशांचे अभ्रे द्यायचेत दवाखान्यात, साठ अभ्रे मशीनवर पडलेत. हा कोण, झेरॉक्सवाला ना? माझ्या आधारकार्डावर आडवी रेघ आणलीस तू.

मी : मशीनची चूक होती, मावशी.

शिंपीणबाई : मशीनची चूक. माझी शिवण उसवली की मी नाही म्हणत मशीनची चूक. त्याला राहू दे. तू ऐक रे, मी तुझ्याकडं आले. उद्या गर्दीत बोलता यायचं नाही. बियाकाकांनी जाताना सगळं वाटलं म्हणे.

मित्र : ...हं.

शिंपीणबाई : माझ्या वाट्याला नाही आलं, त्याचं काही नाही. दुसऱ्या कुणाला मिळालं असेल. फक्त माझा घेवडा कुणाला दिला तेवढं सांग. मी त्यांच्याकडून दहा दाणे मागून घेते. लेकीनं घर घेतलंय, चांगली लांबरुंद गॅलरी आहे. म्हणाली, आई, तो आजीचा घेवडा लावायचाय. जांभळे ठिपके असतात बघ दाण्यावर, पक्ष्याच्या अंड्यासारखे.

मित्र : मावशी, तो तुमच्या आईचा?

शिंपीणबाई : मग काय. लग्नात आईनं उशीच्या कोपऱ्यात शिवून दिला होता, वाटेत हरवू नये म्हणून. बियाकाकांना त्यातलाच मूठभर दिला मी. आणि मग एका वर्षी घरात पाणी शिरलं, माझ्याकडचा सगळा कुजला. मी रडत बसले, तर काका पाकीट घेऊन दारात. म्हणाले, तुमचाच आहे, मी फक्त सांभाळत होतो. तेव्हापासून दरवर्षी दहा दाणे.

मित्र : मावशी, बसा जरा.

शिंपीणबाई : अरे, अभ्रे...

मित्र : बसा. मी कुणालाही काही वाटलेलं नाही. मी सगळं टाकून दिलं. कचऱ्यात. मला कळलं नाही ते काय सांगत होते.

शिंपीणबाई : टाकून दिलं म्हणजे? पाकीट फाटलं का?

मित्र : सगळी पाकिटं. डब्यासकट नाही, डबा ठेवला.

शिंपीणबाई : कधी?

मित्र : महिना होऊन गेला. डेपोवर जाऊन आलोय मी. जाळतात तिथं.

शिंपीणबाई : माझं होतं त्यात? बघितलंस तू?

मित्र : बघितलं. 'शिंपीणबाई' लिहिलेलं वाचलं मी.

शिंपीणबाई : वाचलंस. आणि मी दोन गल्ल्या पलीकडं राहते.

मित्र : हो.

शिंपीणबाई : हाक मारली असतीस तरी आले असते रे मी. तुझे पहिले शाळेचे कपडे मी शिवलेत.

मी : मावशी, पाणी आणू?

शिंपीणबाई : नको. मला जरा... नको. लेकीकडं असेल म्हणावं तर तिच्याकडं मीच कधी दिला नाही. म्हटलं काकांकडं आहे, कुठं जातोय. शेंग कोवळी असली की खावीशी वाटते. वेलावर सुकू द्यायला धीर लागतो. माझ्याकडं नव्हता. त्यांच्याकडं होता, तर मला वाटलं तो दोघांनाही पुरेल.

मित्र : मी उद्या सगळ्यांना सांगणार आहे.

शिंपीणबाई : कशाला?

मित्र : सगळे वाट बघतायत. एकमेकांच्या घराकडं बघतायत.

शिंपीणबाई : बघू दे. आज बघतील, चार महिन्यांनी विसरतील. त्यांच्याबद्दल लोक चांगलं बोलतायत, जाता जाता सगळं वाटून गेले म्हणतायत. ते तरी राहू दे. तू सांगितलंस तर काय होणार आहे? दाणा परत येणार आहे का?

मित्र : नाही.

शिंपीणबाई : मग?

मित्र : माहीत नाही, मावशी. पण तुम्ही आज विचारायला आलात. उद्या दुसरं कुणी येईल. मी किती जणांना म्हणू, कुणालातरी मिळालं असेल?

शिंपीणबाई : मला तर म्हणता आलं नाही तुला. ...लेकीला काय सांगू मी आता? कुंड्या आणून ठेवल्यात तिनं. माती भरून.

मी : दुसरा घेवडा मिळेल बाजारात, मावशी. ठिपक्यांचासुद्धा मिळतो.

शिंपीणबाई : मिळेल. बाजारात आईसुद्धा मिळत असेल एखादी.

मी : चुकलं माझं.

शिंपीणबाई : तू गप्प बस जरा. आणि तू रे, हा शर्ट घालणार का उद्या? वरचं बटण लोंबतंय. काढून दे.

मित्र : राहू द्या हो मावशी.

शिंपीणबाई : दे म्हणते ना. सकाळी पाठवते. सगळ्यांसमोर उभं राहून हे असलं सांगायचं, आणि ते लोंबत्या बटणानं. दे. ...येते मी. साठ अभ्रे पडलेत.

मी : गेल्या. ...एवढं बोलून बटण लावायला शर्ट घेऊन गेल्या.

मित्र : रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी : बनियनवर बसलायस, काहीतरी घाल. आणि मला सांग, त्या म्हणतात त्यात तथ्य आहे की. उद्या आपण ती ओळ नुसती गाळू. खोटं बोलायला नको, खरंही सांगायला नको. बाकी पानं चांगली आहेत. लोक 'गिळू नये'ला हसतील, चहा पितील, घरी जातील.

मित्र : अजून एक आहे. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

मी : काय?

मित्र : नवव्या दिवशी गेलो तेव्हा त्यांनी "टाकलं?" असं विचारलंच नाही. माझी वाट बघत होते. मी बसलो, तर म्हणाले, "कुणाला?"

मी : नीट ऐकू आलं तुला?

मित्र : स्पष्ट. इतक्या दिवसांतला सगळ्यात स्पष्ट शब्द. "कुणाला?"

मी : तू काय म्हणालास?

मित्र : मला वाटलं, भ्रम झालाय. मी म्हटलं, कुणाला म्हणजे काय बाबा? कचऱ्याच्या गाडीत टाकलं. डबा धुऊन ठेवलाय, काळजी करू नका.

मी : मग?

मित्र : बघत राहिले माझ्याकडं. मग हात सोडवून घेतला, पांघरुणाखाली नेला. त्यानंतर बोलले नाहीत. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका त्याच दिवशी कधीतरी आला. मी जायच्या आधी आला असेल तर त्यांना काही समजलं नसेल. नंतर आला असेल तर... मी दोनदा विचारलं डॉक्टरांना. म्हणाले, सांगता येत नाही.

मी : "कुणाला" असं नीट विचारलं म्हणजे...

मित्र : म्हणजे काय, तेच तर सांगता येत नाही.

मी : अरे, तुला वाटतंय तसं नसेल. झटका आधीच...

मित्र : नको. तूही मग मावशींसारखा 'राहू दे' म्हणत अभ्रे शिवायला बसशील.

मी : बरं.

मित्र : तू ते दुकानात बसून जे लिहिलंस ना, त्यात हे पण लिही. उद्या ते वाचायचं नाही, उद्या मी फक्त 'टाकलं' एवढंच सांगणार आहे. पण कुठंतरी लिहून ठेव. दोन गोष्टी मात्र. एक म्हणजे 'चुकून' लिहायचं नाही. 'चुकून' ऐकलं की लोक पाठीवर हात ठेवतात.

मी : आणि दुसरी?

मित्र : मी ते मनात बदलायला लागलोय. परवा बसमध्ये वाटून गेलं, ते "कुणाला" म्हणालेच नसतील, "पाणी आण" म्हणाले असतील. तहान लागली असेल. दोन स्टॉप मी ते खरं धरलं. इतकं हलकं वाटलं, काय सांगू तुला.

मी : मग धर की रे. कुणाचं काय जातंय?

मित्र : त्यांचा शेवटचा शब्द आहे तो. आधी एक मी खाल्लाय.

मी : ...ठीक आहे. आज घरी गेलो की लिहितो. 'चुकून' घालणार नाही. आणि पुढं कधी तू स्वतः येऊन मला म्हणालास, की नाही रे, ते पाणी मागत होते, तरी मी ऐकून घेईन, चहा पाजीन, आणि "कुणाला" आहे तसंच ठेवीन.